दार उघडलं

गुरुराजच्या धंद्यात बोलणं महाग आणि गप्प बसणं स्वस्त. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत तो नोकरीला होता त्या कंपनीत काडेपेटीएवढे संगणक बनत. दोन पेन्सिल सेलवर ते वर्षभर चालले पाहिजेत, आणि सेल खातो तो त्यांचा रेडिओ. म्हणून ही यंत्रं सदा झोपलेली. काही घडलं की क्षणभर जागी व्हायची, एक वाक्य बोलायची, पुन्हा झोपायची. कमीत कमी बोलणारं यंत्र बनवण्यात गुरुराजचा हात धरणारा कुणी नव्हता. कारखान्यात हा गुण शोभतो. घरी न्यायचा नसतो. त्याने नेला.

आई गेल्यावर त्याचे अप्पा, हंबीरराव, एग्मोरच्या घरात एकटेच राहिले. तंजावूर सोडून आल्यावर त्यांनी सगळा संसार त्याच घरात केला होता. मुलाच्या दोन खोल्यांत यायला ते काही केल्या तयार होईनात. गुरुराजच्या जिवाला घोर लागला. मग त्याने आपलं एक यंत्र अप्पांच्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. उठल्या उठल्या अप्पांना कॉफी लागे, म्हणजे ते दार उघडणारच. दार उघडलं की कपाटावर ठेवलेल्या इंटरनेटच्या पेटीतून गुरुराजच्या मोबाइलवर दोन शब्द येत: दार उघडलं. अप्पा उठले, अप्पा ठीक. पोरगा निश्चिंत.

इतका निश्चिंत, की रोज सकाळचा फोन आठवड्यावर गेला, रविवारची फेरीही चुकू लागली. विचारायचं काय, कळतंय की सगळं! एकदा मात्र अप्पांनीच फोन केला, तोही नेमका साहेबांसमोर.

"अप्पा, ऑफिसात फोन करू नका हो," गुरुराज दबक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही नुसतं दार हलवलंत तरी मला कळतं."

"सरी, ठीक," अप्पा म्हणाले. "दार हालविलं की तुला कळतं. बरं झालं."

त्यांनी पुन्हा कधी ऑफिसात फोन केला नाही. म्हातारा शब्दाचा पक्का होता.

पुढे गुरुराजच्या लक्षात आलं, की एका कॉफीपायी अप्पा ते दार दहादा उघडतात आणि दर वेळी रेडिओ सेल खातो. एकच बातमी दहादा कशाला? त्याने यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: सकाळी एकदा बोललास की दुपारपर्यंत गप्प. सेल टिकू लागले, साहेबांनी पाठ थोपटली. अप्पांना हे सांगायचं त्याला सुचलंही नाही. त्यांना त्यातलं काय कळणार होतं!

डिसेंबरातल्या एका सकाळी मोबाइल नेहमीसारखा वाजला. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. गुरुराजने कौतुकाने मोबाइल पुढे केला. "हे माझे वडील. कॉफी करतायत," तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक खूश झालं.

दुपारी शेजारच्या धनलक्ष्मीअक्कांचा फोन आला. तो पोचला तेव्हा अप्पा गार झाले होते. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. गुरुराजने मनाची समजूत घातली, की उठले, कॉफी प्यायले आणि पटकन गेले. हाल झाले नाहीत.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॅपटॉप घेऊन यंत्र काढायला स्वयंपाकघरात बसला. अक्का सांबाराचं भांडं घेऊन आल्या आणि दाराकडे पाहत उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी लई वेळ हालवीत होते रे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दार. आवाज ऐकून मी आले. इथे उंबऱ्यावर बसले होते, सदरा घामाने भिजलेला. मी पुसलं, कोणास बोलाऊ काय? तर म्हणाले, नको अक्का. दार हालविलं, लेकरास कळलं. निघाला असेल." अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. "आदितवारी तू आला नाहीस, तरी असंच हालवीत. कामात असेल, म्हणत. त्या दिवशी मलाही खरंच वाटलं. पाणी देऊन गेले मी. किती वेळ आवाज येत होता. मग राहिला. मी म्हटलं, तू आलास."

अक्का भांडं ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

अप्पा त्याला हाका मारत होते. आणि पहिली हाक पोचवून उरलेल्या सगळ्या गिळायला त्यानेच यंत्राला शिकवलं होतं, दोन सेल वाचावेत म्हणून. आपल्यासारखा नालायक पोरगा कुणाच्या पोटी नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते खोटं आहे असं सांगायला घरात कुणी नव्हतं.

त्याने लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली आणि खोडली. बदललेला प्रोग्रॅम यंत्रात भरला. मग अप्पा बसले होते तिथेच उंबऱ्यावर बसून त्याने दार ढकललं. खिशातला मोबाइल वाजला. पुन्हा ढकललं, पुन्हा वाजला. आता एकही हाक चुकत नव्हती. तो दार ओढत राहिला, ढकलत राहिला, चौकटीवर आपटत राहिला.

आवाज ऐकून धनलक्ष्मीअक्का लगबगीने परत आल्या. उंबऱ्यावर बसलेल्या गुरुराजला पाहून क्षणभर थबकल्या, मग खाली वाकून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोणास बोलाऊ काय, गुरू?"