कोऱ्या पट्टीचा घास

माझ्या मायच्या, रंगूबाईच्या, गळ्यात गाठ झाली. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल. आवाज राहील, न राहील. हे ऐकून शेलूबाजारचा रेडिओवाला रऊफ आपण होऊन टेपरेकॉर्डर घेऊन आला. लहानपणी तो आमच्याच अंगणात खेळलेला.

जातं फिरवल्याशिवाय मायला ओवी येत नसे. ती जात्याशी बसली. पहिली ओवी देवाची, मग माहेराची, मग लेकरांची, थोरल्यापासून. मी धाकटी, माझी शेवटी.

"मावन का यात सगळं?" मी विचारलं.

"कॅसेटच्या डबीवर साठ मिनिटं लिवेल हाय, भागिरथी. बिनघोर राह्य," रऊफ म्हणाला.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मी डबीकडे पाहून मान हलवली.

माझ्या आधीच्या जगदेवदादाची ओवी संपत आली आणि खटकन यंत्र थांबलं.

"काहून रे, झोपलं का तुहं खोकं?" माय म्हणाली.

"साठ म्हंजे तीस या अंगाले, तीस त्या अंगाले, मावशी." रऊफनं फीत मागं नेऊन लावली. आधी नुसती सरसर. मग मायचा आवाज! तिचं तोंड तर मिटलेलं. माझ्या अंगावर काटा आला. मायनं खोक्यावर हात ठेवला, लेकराच्या छातीवर ठेवावा तसा.

पण देवाच्या ओवीचं तोंडच गायब होतं.

रऊफ ओशाळला. "सुरवातीची पट्टी कोरी असते. तिच्यावर आवाज धरत नाई. दोनी अंगाले तसंच. लिवेल तेवढं सारं हाती येत नाई, मावशी."

मायचा गळा बसत चालला होता. एकच ओवी निघाली असती, माझी. तीही पट्टीनं गिळली तर?

माय हसली. "जातंबी पैला घास सोताच खाते, पीठ मांगून पडते. दाब, बाबू."

रऊफनं कॅसेट उलटवून बटण दाबलं. माय नुसतीच जातं फिरवत राहिली.

"गा न वं!" मी पुटपुटले. रऊफनं डोळे वटारले.

जात्याच्या कडेनं पीठ झरू लागलं, तेव्हा तिनं तोंड उघडलं:

*सरलं दळण बाई, सुपी राहिला पसा,*
*लेकी भागिरथीचा वाटा विसरावा कसा.*

गाठ निघाली, आवाजही गेला. पुढं रऊफ कधीमधी यंत्र आणून ती बाजू लावायचा. सुरुवातीला फीत मुकीच फिरे. कोणी बोललं तर माय हातानं गप्प करायची आणि कोरी पट्टी सरेपर्यंत हात जोडून बसायची. मग जात्याची घरघर यायची, आणि माझं नाव.