टिल्लूच्या वाट्याचा ब्रेड

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत, आणि घरीही ती चेकरबाईच होती. ट्यूबलाइटखालच्या लांब टेबलाशी उभी राहून ती शर्ट उलटा करायची, कॉलर चिमटीत धरायची, काजांवरून अंगठा फिरवायची, आणि सुटा धागा दिसला रे दिसला की तिथे लाल बाणाचं स्टिकर डकवून शर्ट मागे भिरकावायची. शिलाईवाल्या पोरी तिला टरकून असत. बाईच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं त्या म्हणत, आणि हे आपलं कौतुकच आहे असा बाईचा समज होता.

अशा बाईच्या घरात गव्हाचा आजार शिरला. थोरली मुलगी चार वर्षांची झाली तरी खाल्लेलं अंगी लागेना. पोट फुगलेलं आणि हातपाय काटक्या, म्हणून तिला काडी हे नाव पडलं आणि पुढे अंगानं भरली तरी तेच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्यांना सोसत नाही. ब्रेड, बिस्किटं, केक जन्मभर बंद, कणभरसुद्धा चालणार नाही.

तो ‘कणभर’ चेकरबाईच्या डोक्यात पक्का बसला. चाळणी, टोस्टर, लाकडी पळ्या, सगळं घराबाहेर गेलं. तांदूळ, मका, बटाटा आणि अंडी यांच्यावर संसार सुरू झाला. धाकटा टिल्लू तेव्हा दीड वर्षांचा. त्यालाही तेच जेवण. एका घरात दोन चुली कशाला मांडायच्या, असं ती म्हणायची, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

चूक पुढे झाली. आतडं म्हणजे काय हे चिमुरड्या पोरांना समजावत बसायला वेळ लागतो, आणि चेकरबाईपाशी वेळ नव्हता. बेकरीसमोर एकदा कबुतर मरून पडलं होतं, चोच उघडी, एक पंख विस्कटलेला. शेजारी कुणीतरी टाकलेला ब्रेडचा तुकडा. बाईनं दोन्ही पोरांना तिथे उकिडवं बसवलं.

“बघून घ्या,” ती म्हणाली. “ब्रेड खाल्ला की असं होतं.”

“लगेच?” काडीनं विचारलं.

“लहान जीव असला तर लगेच. मोठा असला तर जरा वेळ लागतो.”

तिची नणंद त्याच गावात दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, पोरांना इतकं भेदरवू नका. भीती घालायला काही लागत नाही. काढायला जन्म जातो.”

“ज्याचं जळतं त्यालाच कळतं,” चेकरबाई म्हणाली, आणि नणंदेला चहा न विचारताच भांडी घासायला लागली.

भीतीनं काम चोख केलं हे मात्र मान्य करायला हवं. कुणाच्या वाढदिवसाला केक कापला की दोन्ही पोरं तोंडावर तळहात दाबून भिंतीशी उभी राहत. बाईला याचा इतका अभिमान, की पाहुणे आले की ती मुद्दाम एक बिस्किट मागवायची आणि टिल्लूच्या तोंडासमोर धरायची. पोरगं मागे सरकत सरकत कपाटाला टेकायचं, पांढरंफटक व्हायचं. पाहुणे हसायचे. कुणी म्हणायचं, काय शिस्त आहे हो. बाई तेवढ्यावर आठवडाभर खूश असायची.

टिल्लू साडेचार वर्षांचा झाला, आणि काडीला दाखवायला नेलेलं असताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “धाकट्याची तपासणी झाली नाही अजून? भावंडांनाही असू शकतं. वरून काही दिसत नाही. गहू खातो ना हा?”

“तीन वर्षांत एक कण नाही,” चेकरबाई ताठ मानेनं म्हणाली आणि शाबासकीची वाट पाहत बसली.

“मग तपासून उपयोग काय? पोटात गहू गेलाच नाही तर रक्तात काय दिसणार? रोज दोन स्लाइस ब्रेड द्या, दीड-दोन महिने. मग रक्त बघू. आणि मुलाला नीट समजावून सांगा.”

बाई घरी आली ती तोंड आवळूनच. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पोरगं पुढच्या वर्षी शाळेत जाणार, चार मुलांत बसणार, त्याला आजार आहे की नाही हे कळायलाच हवं होतं. तिचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं तिचा वैरीही म्हणणार नाही. तिचा नवरा बस चालवायचा, पहाटे जायचा आणि दिवेलागणीला यायचा. त्या संध्याकाळी बूट काढता काढता तो म्हणाला, “आधी पोराला सांग, ते कबुतराचं खोटं होतं म्हणून.”

“आणि काडीचं काय? खोटं होतं असं तिच्या कानावर पडलं, की उद्या शाळेत कुणाच्याही डब्यात हात घालेल. तिला ब्रेड विषच आहे.”

“मग दोघांना वेगवेगळं सांग.”

“सात वर्षांच्या पोरीला? तू आपली बस चालव.”

नवऱ्यानं बूट कोपऱ्यात सारले आणि तो हातपाय धुवायला गेला. वाद टाळण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

मग चेकरबाईनं आपल्या पद्धतीनं बंदोबस्त केला. ब्रेडचा चुरा स्वयंपाकघरात सांडला तर काडीला बाधणार, म्हणून टिल्लूनं मागच्या दाराबाहेर पायरीवर बसून खायचं. त्याची निळी ताटली वेगळी, सुरी वेगळी, पुसायचं फडकं वेगळं. काडीनं तिकडे फिरकायचंही नाही.

पहिल्या दिवशी टिल्लूनं ताटलीत बघितलं आणि आईकडे बघितलं.

“आई, मी काय केलं?” त्यानं विचारलं.

“काही केलं नाहीस. डॉक्टरांनी सांगितलंय, खायचं. ताटली रिकामी झाल्याशिवाय आत यायचं नाही.”

तिनं दार लावून घेतलं. पलीकडून बराच वेळ रडण्याचा आवाज आला. बाई ओट्याशी उभी राहून तांदूळ निवडत राहिली. मग आवाज थांबला. थोड्या वेळानं दारावर थाप पडली. टिल्लू ताटली घेऊन उभा होता आणि ताटली लख्ख होती. बाईनं ती दिव्याखाली धरली, तिरकी केली, कडेनं बोट फिरवलं. कण म्हणून नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रडणंही कमी झालं. कारखान्यात ती सांगायला लागली, की मुलांचे लाड करून चालत नाही, एकदा दार लावलं की सुतासारखी सरळ होतात.

इकडे काडीचं मात्र बिनसलं. पोट पुन्हा फुगायला लागलं, जेवण टिकेना, डोळ्यांखाली काळं आलं. बाईनं घर डोक्यावर घेतलं. दप्तराची झडती झाली, डब्याची झडती झाली. मक्याचं पीठ फेकलं, तांदळाचं दुकान बदललं. शाळेत जाऊन ती मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणाऱ्या बाईंशी कचाकचा भांडली. पोरीच्या दंडाला धरून तिनं दहादा विचारलं, “कुणाचं काय खाल्लंस?” काडी दरवेळी म्हणायची, “शाळेत काही नाही खाल्लं.” बाईनं तिच्या थोबाडीतही दिली. उत्तर बदललं नाही, कारण ते खरं होतं.

टिल्लूचं रक्त तपासलं. निर्दोष. आजाराचा मागमूस नाही. चेकरबाईनं अख्ख्या कारखान्याला चहा पाजला. त्याच आठवड्यात काडी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कोसळली, आणि तिला तिथूनच इस्पितळात नेलं.

तिला सलाईन लावताना शीर सापडेना, इतकी ती सुकली होती. डॉक्टरीणबाई रिपोर्ट हातात घेऊन आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. चेकरबाई पायथ्याशी उभी होती.

“काडी, तू ब्रेड खाल्लास का गं?”

पोरीनं आधी आईकडे बघितलं. मग म्हणाली, “टिल्लूचा.”

“किती वेळा?”

“रोज. मी घराला वळसा घालून मागे जायचे. तो नुसता रडत बसायचा. ताटली रिकामी झाल्याशिवाय आई दार उघडत नाही. मग ताटली चाटूनपण टाकायचे. कण राहिला असता तर त्याच्या हाताला लागला असता.”

“पण तुला तो चालत नाही, हे माहीत होतं ना?”

“माहीत होतं. ब्रेड खाल्ला की मरतं. पण लहान असला तर लगेच मरतो. मी मोठी आहे, मला वेळ लागतो.” बोलून तिला धाप लागली. थोडं थांबून ती पुढे म्हणाली, “आईला टिल्लू नको झाला होता, म्हणून ती त्याला देत होती. मला वाटलं, मी मरेपर्यंत तिला तो परत हवासा वाटेल.”

चेकरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काही माणसांची लाजसुद्धा रागाच्या दारानंच बाहेर येते.

“कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?” ती ओरडली.

काडीनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाई उठल्या आणि बाईला बाहेर घेऊन आल्या.

“धाकट्याचा रिपोर्ट आता कागदाचा कपटा समजा,” त्या म्हणाल्या. “त्यानं काही खाल्लेलंच नाही. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. आणि तुमच्या घरात ब्रेड असेपर्यंत ही मुलगी तिथे नको. आणि बाई, दोघांनाही खरं काय ते सांगा.”

काडीला इस्पितळातून नणंद परस्पर आपल्या घरी घेऊन गेली. वहिनीशी ती एक शब्द बोलली नाही.

चेकरबाई घरी आली आणि तिनं खरं सांगितलं. टिल्लूला मांडीवर घेऊन सांगितलं, की ते कबुतर गाडीखाली आलं होतं, ब्रेडनं कुणी मरत नाही, काडीला फक्त बरं वाटत नाही त्यानं, आणि तुला तर बहुतेक काहीच होणार नाही. आयुष्यात प्रथमच ती पोराशी इतकं सविस्तर बोलली. टिल्लूनं सगळं ऐकून घेतलं.

“मग ताई कुठाय?” त्यानं विचारलं.

“आत्याकडे.”

टिल्लू मांडीवरून उतरला आणि कपाटाला जाऊन टेकला. मागच्या वर्षी त्याचे आजोबा वारले, तेव्हाही आईनं त्याला हेच सांगितलं होतं, की आजोबा आत्याकडे राहायला गेलेत. ताईनं ब्रेड खाल्ला होता, रोज खाल्ला होता, आणि आता ताई आत्याकडे होती. साडेचार वर्षांच्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

नवरा म्हणाला, “त्याला फोनवर काडी दाखव. पोरगं आतून खचलंय.”

“ती त्याला सांगेल, खाऊ नकोस म्हणून. तिचं अजून तेच डोक्यात आहे. पुन्हा सगळं मुसळ केरात. एकदा त्याचं रक्त तपासून होऊ दे, मग बोलू दे हवं तितकं.”

नवरा पुन्हा हातपाय धुवायला गेला.

आता दार लावायचं नाही, समोर बसायचं असं तिनं ठरवलं. रोज कारखान्यातून आली की ती मागच्या पायरीवर टिल्लूला दोन्ही गुडघ्यांत धरून बसायची. तो ओठ घट्ट मिटायचा. ती नाक दाबायची, तोंड उघडलं की तुकडा आत सारायची आणि वरून हनुवटी धरायची. तो थुंकायचा, ओकायचा, तिच्या मनगटाला चावायचा. एकदा तिच्या हातून त्याचा ओठ फाटला आणि ब्रेड लाल झाला, तरी तिनं तो भरवला. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. बाईच्या नाकी नऊ आले होते. आपण हे कुणासाठी करतोय हे ती रोज स्वतःला बजावायची, आणि रोज रात्री मनगटावरच्या दातांच्या खुणांना तेल लावताना रडायची.

आणि एके दिवशी ती ताटली घेऊन आली, तर टिल्लू आधीच पायरीवर बसलेला. त्यानं हात पुढे केले. एक स्लाइस स्वतः उचलला आणि खायला लागला, नेटानं, दोन्ही गाल भरून.

बाई बघतच राहिली. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

“शहाणा माझा राजा,” ती म्हणाली. “कसं काय आज?”

टिल्लूनं घास गिळला.

“हे सगळं संपलं की मी पण ताईकडे जाणार ना?”

चेकरबाईला कळलं. लगेच कळलं, तिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. फोन तिच्या खिशात होता. नणंदेला लावला असता तर काडी समोर आली असती, बोलली असती, हसलीही असती कदाचित. आणि टिल्लूनं स्लाइस ताटलीत परत ठेवला असता.

“जाणार ना?” त्यानं पुन्हा विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “पण रोज खाल्लंस तरच.”

टिल्लूनं मान हलवली आणि दुसरा स्लाइस उचलला.

“खूप दुखतं का?”

“नाही,” आईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. “नीट चावून खा.”