नानांची दहा मिनिटं

नानांचं तेरावं झाल्यावर मी त्यांची वही घेऊन दादरला रमाकांतकाकांकडे गेले. वही रुग्णालयातली. घशात नळी असल्यामुळे शेवटचे अकरा दिवस नाना बोलू शकत नव्हते. पाणी, चष्मा, पंखा एवढं ते साध्या अक्षरांत लिहून दाखवत. एरवी दिवसभर त्या वहीत लघुलिपीत काहीतरी लिहीत असत, आणि ती लिपी घरात कोणालाच येत नव्हती.

मला त्या वहीतून एकच गोष्ट हवी होती. आता घरी न्यायचं तर न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी नानांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांना तिथेच ठेवलं आणि दोन दिवसांनी ते गेले. त्यांना घरी यायचं होतं का, हे त्या रेघोट्यांत कुठेतरी असेल असं मला वाटत होतं.

नाना विधानमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात बोललं जाईल ते शब्द न शब्द टिपायचं, हे त्यांचं काम. दहा मिनिटांनी माणूस बदलायचा. नाना उठले की त्यांच्या जागी रमाकांतकाका बसत. त्यामुळे नानांच्या वाट्याला कुठलीच चर्चा पुरती आली नाही. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत ते वर्षानुवर्षं अर्धे वाद घेऊन येत राहिले.

"आज जकात होती," पानावर बसता बसता ते सांगायचे. "एक सदस्य म्हणाले, नाक्यावर ट्रक रात्र रात्र उभे असतात, त्यात नासलेल्या भाजीचं काय? आणि माझी वेळ संपली."

"मग मंत्री काय म्हणाले?"

"ते रमाकांतच्या वहीत."

"म्हणजे आता मीच मंत्री," आई म्हणायची. घरातलं सरकार कायम तिचं. आमटी वाढता वाढता ती जकातीची बाजू घ्यायची. "कर नको, जकात नको, मग रस्ते काय तुमचे सदस्य झाडणार?"

मी अर्थातच विरोधी पक्ष. पहिलीपासून इंग्रजी सुरू करायची चर्चा आमच्याकडे आठवडाभर चालली. मी पाचवीत होते आणि माझं मत ठाम होतं: आम्हाला पाचवीपर्यंत थांबवलं, मग या चिल्ल्यापिल्ल्यांचे एवढे लाड कशाला?

"विरोधी पक्षाचं म्हणणं निव्वळ जळकेपणाचं आहे," आईने निकाल दिला.

नाना हसायचे, पण बाजू घ्यायचे नाहीत. एकदाच घेतली, तीही न बोलता. माझ्या दहावीच्या आधीच्या वर्षी विदर्भातले एक सदस्य भारनियमनावर बोलले होते. सोळा सोळा तास वीज नाही, मुलांनी अभ्यास कधी करायचा? गिरगावात दिवे जात नसत. नानांनी त्या दिवशी आठ वाजता मेन स्विच खाली केला. नऊला वर. आठवडाभर रोज.

"तुमच्या त्या सदस्यांना म्हणावं, माझी भाकरी करपली," आई अंधारातून ओरडली.

"नोंद घेतली," नाना म्हणाले.

चौथ्या दिवशी मेणबत्तीपाशी तांदूळ निवडता निवडता आई थांबली. "सोळा तास कसे काढत असतील हो?" सरकारने विरोधकांचं काही मान्य केल्याचा आमच्या घरातला तो एकमेव प्रसंग.

रमाकांतकाकांनी वही घेतली, चष्मा बदलला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. थोडं वाचून ते हसायलाच लागले.

"अगं नूपुर, याने वॉर्डाचं कामकाज लिहिलंय!"

बाजूच्या खाटेवर चिंचपोकळीचे गुणाजी होते, त्यांच्यापाशी त्यांची शिक्षिका सून मेघना. दोघांचे वाद मीही ऐकले होते, पण लक्ष देऊन नाही. काका बोट सरकवत वाचू लागले.

"गुणाजी: ह्यो नवो मीटर पैशे आधी गिळतलो नि उजेड मागसून देतलो. मेघना: पप्पा, तुम्ही जुन्या मीटरचं बिल तरी कधी बघितलंत? गुणाजी: तुझ्या शाळेत तरी काय चाललाहा? पयलीच्या पोराक तीन भाषा! मेघना: भाषा तीन, वर्ग दोन, बाई एक. ते विचारा की कोणीतरी. गुणाजी: मगे तू इचार. मास्तरीण तू आसस."

पानामागून पानं अशीच होती. करावरचं, शाळेवरचं, विजेवरचं. नानांचं स्वतःचं एक अक्षर नव्हतं. मग काका थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथे तू आहेस."

"वाचा."

"नूपुर: नाना, घरी जायचं का? डॉक्टर हो म्हणतायत." काकांनी चष्मा वर सरकवला. "उत्तर: नको. इथेच बरं आहे."

इतका वेळ त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. या उत्तराला ते जागचं हललं नाही.

"काका, तिथे काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला. "दोन ओळी कोऱ्या आहेत."

मी वाकून वहीत पाहिलं.

"ऐकू आलं नाही, तर आम्ही जागा सोडायचो," ते म्हणाले. "मग दुसऱ्याच्या वहीवरून भरायची. तुझ्या वडिलांच्या राहिलेल्या जागा तीस वर्षं मीच भरल्या गं. हीही सवयीने भरून टाकली. चुकलंच माझं."

"म्हणजे त्यांनी उत्तरासाठी जागा सोडली होती?"

"सोडली होती. पण त्याचंच ठरलं नसेल. ठरलं असतं तर लिहिलं असतं त्याने, साध्या अक्षरांत. तुला वाचता येईल असं."

बाहेर हिंदमाताच्या बाजूने हॉर्न वाजत होते. ठरलं नसेल, ही शक्यता मी तेरा दिवसांत एकदाही धरली नव्हती. मला हो किंवा नाही, एवढंच शोधायचं होतं.

"पुढे वाचा," मी म्हणाले.

"पुढेही तूच आहेस." काकांनी बोट ओळीवर ठेवलं आणि या वेळी ते हळूहळू सरकवत नेलं. "नूपुर: राहू दे नाना. घाई नाही. उद्या सांगा."

हे मी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.