फडताळातला शॅम्पेनचा पेला

मी शॅम्पेनचा एक जुना पेला आहे. पाय बारीक, तोंड कळीसारखं मिटत आलेलं. कारागिराने फुंकर घालून मला घडवलं, म्हणजे माझ्या पोटात सगळ्यात आधी शिरला तो वारा. म्हणूनच की काय, बुडबुड्यांचं मला भारी कुतूहल. मित्रांनो, ओतेपर्यंत ते कुठे दडून बसतात, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं.

शॅम्पेन करणाऱ्या एका घराच्या चाखायच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. चाखण्याचं काम त्या घरातल्या सासूबाईंचं. शाळा बेताचीच, पण नाक असं की द्राक्षं कुठल्या उतारावरची तेही सांगत. आधी मला खिडकीच्या उजेडात धरायच्या, मग कानाशी, मग नाकाशी. घोट सगळ्यात शेवटी, आणि तोही तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा. "गिळत बसले तर जेवणाआधीच भिंतींशी भांडायला लागेन," म्हणायच्या. त्यांचा एक नियम होता. डोळ्याला पटली नाही ती ओठाला लावायची नाही. चाळीस वर्षं तो मोडला नाही.

पुढे सुनेने नवे पेले आणले. माझ्या पायाचा टवका उडालेला, म्हणून मला जुन्या सुती फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवलं. राग आला का? आला. खोटं कशाला बोलू?

मग एक सकाळ उजाडली. सुनेने स्वतः केलेली पहिली शॅम्पेन त्या दिवशी चाखायची होती. तीन वर्षं तळघरात निजवलेली, शेवटी शेवटी गाळ बुचाशी यावा म्हणून रोज प्रत्येक बाटली हाताने फिरवलेली. सासूबाई हो म्हणाल्या तर घराच्या नावाने बाहेर जाणार. नाही म्हणाल्या तर सगळी मोरीत.

नव्या पेल्यात ओतली. सासूबाईंनी उजेडात धरली आणि खाली ठेवली.

"मेलेली आहे. एक बुडबुडा नाही. ओतून टाक."

"आई, घोट तरी घ्या."

"चाळीस वर्षांत कोणासाठी घेतला नाही, तो तुझ्यासाठी घेऊ?"

सुनेचे डोळे भरले, पण डोकं ठिकाणावर होतं. ती म्हणाली, "बाटलीचं बूच माझ्या हातात उसळलं होतं, आई. तेव्हा जिवंत होती. मधे फक्त हा पेला आला."

तिने फडताळ उघडलं, फडक्यानेच मला पुसलं आणि ओतली. आणि काय सांगू मित्रांनो! माझ्या तळापासून बारीक मण्यांच्या माळा सरसर वर निघाल्या.

सुनेने नाक काचेला टेकवलं. "आई, इथे बघा. फडक्याचा तंतू चिकटलाय. बुडबुडे त्याच्यातूनच निघतायत."

तेव्हा मला माझं उत्तर मिळालं. बुडबुडे शॅम्पेनमध्येच विरघळलेले असतात. वर यायला त्यांना कुठेतरी पाय टेकायला जागा लागते, एवढंच.

"नवे पेले कशाने धुतलेस?" सासूबाईंनी विचारलं.

"साबणाने. दोनदा. तुमच्यासमोर चमकावेत म्हणून एक तंतूसुद्धा राहू दिला नाही."

"शहाणीच आहेस! पेले चमकवायला गेलीस आणि स्वतःच्याच लेकराचा गळा दाबलास." मग आवाज उतरला. "आणि मी कोण मोठी? नाकाला न विचारताच मोरीत ओतायला निघाले."

त्यांनी मला कानाशी धरलं. आत कुजबुज चालली होती. नाकाशी नेलं. ताजा भाजलेला पाव, पिकलेलं सफरचंद. मग घोट घेतला, घोळवला. सून बादली पुढे करून उभी. सासूबाईंनी बादलीकडे पाहिलंसुद्धा नाही. गिळला.

"बाहेर जाऊ दे हिला," म्हणाल्या, "घराच्या नावाने."

आता मी पुन्हा खिडकीशी असतो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला साबणाने घासू नका. गरम पाण्याने धुवा, जुन्या सुती फडक्याने पुसा. आणि कोणाला मेलेलं म्हणण्याआधी जरा कान लावून ऐका.