निम्म्या अंतरानंतर

कपडे बदलायच्या खोलीत दोघी बहिणी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. थोरलीच्या नडगीवरचा शस्त्रक्रियेचा व्रण घामाने चुरचुरत होता.

नडगी मोडल्यानंतर वर्षभराने ती आज धावण्याच्या निवड चाचणीत उतरली होती, पण स्वतःसाठी नव्हे. कॉलेजच्या संघात एकच जागा होती आणि प्रशिक्षकांनी ती धाकटीची धरली होती. थोरलीने पुढे राहून तिला वेग धरून द्यायचा आणि निम्म्या अंतरावर धावपट्टी सोडायची, एवढंच ठरलं होतं. ती बाजूला होणारच, या भरवशावर धाकटीने तिला खुशाल पुढे जाऊ दिलं. पण निम्मं अंतर सरलं, आणि इतके दिवस परक्यासारखे वागणारे पाय तिला पुन्हा ओळख देऊ लागले. ती थांबली नाही. धाकटीला उमगलं, तोवर दोघींमधलं अंतर हाताबाहेर गेलं होतं.

"ताई, पाय बरा झाला म्हणायचा," धाकटी अखेर म्हणाली. "मीच धरून धरून चालवलेला."

"मुद्दाम नाही गं केलं."

"मग पाय काय शेजारणीचे होते?"

थोरली तिच्याकडे वळली. "सरांना सांगते, जागा तुझीच."

"भीक नको मला."

"मग तूच सांग. माझ्या जागी असतीस, तर थांबली असतीस?"

धाकटीने बूट उचलले आणि मागे न बघता ती दाराबाहेर पडली.