मातृभाषेचा रकाना

तिने टेबलावरचं घड्याळ म्हाताऱ्याकडे फिरवलं आणि सरकारी भाषेत विचारलं,

“किती वाजले, डॉक्टर?”

म्हाताऱ्याने काट्यांकडे पाहिलं. ओठ हलले, जबडा ताणला गेला. शब्द काही बाहेर येईना. तिने चौथ्या रकान्यातही लिहिलं: उत्तर नाही.

शेजारी बसलेल्या त्याच्या मुलाने सुस्कारा सोडला. “झटका आल्यापासून हे असंच आहे, मॅडम. नाहीतर नुसती बडबड, शेंडा ना बुडखा. बंद वॉर्डात ठेवलेलं बरं, समितीही तेच म्हणतेय. तुमची सही तेवढी राहिलीय.”

तीस वर्षांपूर्वी याच खोलीत, टेबलाच्या या बाजूला म्हातारा बसत असे. तेव्हा समोर तिची आई होती आणि दाराबाहेरच्या बाकावर बारा वर्षांची ती. आई खोऱ्यातली, तिला सरकारी भाषा बाजारापुरती यायची. दुःख सांगण्याइतकी नाही. “सरकारी भाषेत बोला. मला कळत नाही,” एवढंच तो म्हणत राहिला. चार प्रश्न, चार ‘उत्तर नाही’, आणि आई अकरा महिने बंद वॉर्डात.

“त्याला कळत होतं गं,” आई मरेपर्यंत सांगायची. “मी आपल्या बोलीत म्हटलं, घशात काटा रुतलाय, तर मेल्याचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला!”

कुणी विश्वास ठेवला नाही. खरं तर तिनेही नाही. इथे नोकरीला लागल्यावर तिने ती फाईल शोधून काढली, तेव्हा त्याच्या वळणदार अक्षरात नोंद सापडली: ‘डॉक्टरांना आपली भाषा येते, असा भ्रम.’

मग मागच्या आठवड्यात नर्स अंघोळ घालत असताना म्हातारा शिव्या हासडू लागला. अस्सल खोऱ्यातल्या शिव्या, तिच्या आजोबांच्या तोंडच्या. ती कॉरिडॉरमध्ये जागच्या जागी थांबली. झटक्याने मागाहून शिकलेली भाषा पुसली होती. आधीची शाबूत होती. असं होतं कधीकधी.

आता सही केली की फिटंफाट. पेनाचं टोक रेघेवर टेकलंही. मग तिने ते उचललं. एवढ्या स्वस्तात सोडायचं नव्हतं.

खुर्ची पुढे ओढून तिने खोऱ्याच्या बोलीत विचारलं, “किती वाजले हो?”

म्हाताऱ्याने आधी मुलाकडे पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं.

“अकराला दहा कमी.”

“वार?”

“मंगळवार. आणि हे आमचे चिरंजीव. अक्कल सोडून बाकी सगळं माझ्यावर गेलंय.”

“शंभरातून सात गेले?”

“त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. मला काय विचारतेस, ही चाचणी इथे मीच आणली.”

“ठाऊक आहे.”

मुलगा उठून उभा राहिला होता. “काय बोलताहेत हे? कुठली भाषा आहे ही?”

“त्यांची. आईच्या दुधाबरोबर आलेली.”

“शक्यच नाही! आमच्या घरात कधी... अहो, खोऱ्यातल्या लोकांना तर बाबा दारातसुद्धा...”

तो मध्येच थांबला. बापाने मान खाली घातली होती.

तिने कोरा अर्ज काढला आणि ‘मातृभाषा’ या रकान्यावर बोट ठेवलं.

“इथे काय लिहू? तुमच्या तोंडून हवं.”

“ते नको लिहूस.”

“मग चार ‘उत्तर नाही’ आहेतच.”

अखेर त्याने सांगितलं. तिने ते ठळक अक्षरांत लिहिलं, खाली ‘निर्णय घेण्यास पूर्ण सक्षम’ असं लिहून सही केली आणि साक्षीदार म्हणून कागद मुलापुढे सरकवला. मुलगा तो एकच रकाना पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मग सही करून, बापाकडे न बघता बाहेर गेला.

“नाकाचं वळण तेच आहे,” म्हातारा बोलीतच, हलकेच म्हणाला. “पहिल्याच दिवशी ओळखलं मी तुला. तुझ्या आईचा तो काटा, पोरी... तीस वर्षं माझ्या घशात आहे.”

तिने पेनाला टोपण लावलं. कागद फायलीत ठेवले. मग सरकारी भाषेत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

“सरकारी भाषेत बोला. मला कळत नाही.”

म्हातारा नुसता पाहत राहिला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपला डावा हात गळ्याशी आहे.