तिसरी बशी

प्रयोगशाळेत तिला सगळे 'गाडीवाल्या बाई' म्हणत. गाडी म्हणजे चाकांची खुर्ची. डावा गुडघा कुरकुरायला लागल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, ती या टेबलावरून त्या टेबलाकडे उजव्या पायाने जमीन ढकलत जाई आणि वळणावर "बाजूला व्हा!" म्हणून ओरडे. डावा पाय तिने वयाआधीच निवृत्त केला होता.

तिचं काम कूर्चा दाबण्याचं. कूर्चा म्हणजे सांध्यातली ती गुळगुळीत गादी. खाटकाकडून आणलेल्या गुडघ्यांतून शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या काढायच्या, प्रत्येकीवर पात्याने चीर पाडायची आणि तीन बशांत ठेवायच्या. पहिल्या बशीला संपूर्ण आराम. दुसरीला यंत्राने रोज तासभर हलकेच दाबायचं. दाब, सोड. दाब, सोड. तिसरीला दणकून.

तीन आठवड्यांनी चकत्या लाल रंगात बुडवल्या. धडधाकट कूर्चा रंग धरते. तिसरीतल्या चिरा पार तळाला पोचल्या होत्या. दुसरीतल्या चिराही भरल्या नव्हत्या, पण त्यांच्या आजूबाजूला लालबुंद होतं. आणि पहिलीतल्या चकत्या, ज्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं, त्या फिक्कट पडल्या होत्या.

"आरामानेच गेल्या," मॅडम म्हणाल्या. मॅडम तिच्या साहेब, पण वयाने लेकीसारख्या. "कूर्चेला रक्त पोचत नाही. दाबलं-सोडलं की पाणी आतबाहेर होतं, तेच तिचं जेवण."

"मला सांगताय?" असं म्हणत ती खुर्चीवरून घरंगळत नोंदवही आणायला निघाली आणि अर्ध्या वाटेत तिची तिलाच लाज वाटली. अकरा वर्षं नवीन मुलींना हेच घोकून घेणारी बाई! स्वतःचा गुडघा मात्र आठ महिने उपाशी ठेवलेला.

त्यात ताईचं प्रकरण. थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही, आणि गुडघे तिचेही तसलेच. आठ महिने दोघी फोनवर "तू ये", "नाही, तू ये" करत होत्या. आता ताई महिन्याभरात मुलाकडे, परदेशी, कायमची निघाली होती. "टॅक्सीत बसताना खाली भेटू गं," म्हणाली. टॅक्सीच्या दारात? पन्नास वर्षांची भांडणं काय टॅक्सीच्या दारात मिटवायची?

दुपारी ती यंत्राशेजारी टेबल धरून उभी राहिली आणि त्याच्या तालावर अर्धी बसायला-उठायला लागली. यंत्र थांबलं नाही, म्हणून तीही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा भोपळा झाला.

"किती उठाबशा केल्यात?" मॅडमनी विचारलं.

"फार नाही. दोनशे."

"बाई, तुम्ही स्वतःला थेट तिसऱ्या बशीत घातलंत!" मॅडमनी तिला डॉक्टरकडे पाठवलं आणि गाडी कपाटात कोंडून किल्ली पर्समध्ये टाकली.

सूज उतरल्यावर रोज दहापासून सुरुवात झाली. मग मागच्या जिन्याच्या पाच पायऱ्या. मग एक मजला, कठडा धरून, शिव्या देत.

ताई निघायच्या आदल्या रविवारी ती ताईच्या इमारतीचा जिना चढायला लागली. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्याने स्पष्ट सांगितलं, बास. ती पायरीवर बसली आणि फोन लावला.

"ताई, दोन मजले आलेय. आता एक मजला तू उतर."

"अगं, वेड लागलंय का? माझे गुडघे..."

"त्यांनाही जेवायला घाल जरा."

"काय घालू?"

"ये तर खरी!"

वर दार उघडलं. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. यंत्राहून कितीतरी सावकाश. शेवटी ताई कुरकुरत तिच्याशेजारी टेकली, आणि पहिल्याच वाक्याला, आईची शाल कुणी नेली, यावर दोघींची जुंपली. तासभर झकास भांडण झालं. मग जरा रडणं झालं.

तेवढ्यात सामानाच्या पिशव्या घेतलेला शेजारी खालून आला. "जरा बाजूला व्हा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तू ऊठ," ताई म्हणाली.

"नाही, तू ऊठ."